पोस्ट लिहिली म्हणून तिला उचललं तर : पहिल्या तासापासून सुटकेनंतरपर्यंतची कामं

सलमा अल-शहाब ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठात पीएच.डी. करत होती. सुट्टीसाठी सौदी अरेबियात घरी आली आणि परतीला थोडेच दिवस उरले असताना, जानेवारी २०२१ मध्ये, तिला अटक झाली. ट्विटरवर तिला जेमतेम अडीच हजार लोक फॉलो करत होते. तिचा गुन्हा म्हणजे तुरुंगातल्या स्त्री-हक्क कार्यकर्त्यांच्या बाजूने केलेली ट्विट्स आणि रीट्विट्स. आधी ६ वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये अपिलात तीच शिक्षा ३४ वर्षांवर गेली. घरी तिची दोन लहान मुलं होती.

"आपण कुठे एवढ्या मोठ्या, आपल्याला कोण विचारतंय," असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी सलमाबद्दल सांगते. घाबरवण्यासाठी नाही, तयारी करावी म्हणून. बायकांच्या हक्कांबद्दल लिहिलं म्हणून आत गेलेल्यांची कागदपत्रं लावणं, त्यांच्यासाठी पत्रं लिहिणं हे काम मी गेली काही वर्षं मदतनीस म्हणून करते आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. अटक झाल्यावर सरकार तिचे शब्द आपल्या भाषेत मांडायला लागतं. कोणाला फूल दिलं तर "भ्रष्ट आचरणाला उत्तेजन", छेडछाडीची तक्रार केली तर "खोटी बातमी", रीट्विट केलं तर "दहशतवाद". अशा वेळी तिने नेमकं काय म्हटलं होतं, ते तारखेसकट, शब्दासकट जपून ठेवणारं माणूस बाहेर असावं लागतं. खालची सगळी कामं त्याभोवती फिरतात.

हा लेख तिच्या घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी, सहकाऱ्यांसाठी आहे, आणि लांबच्या देशातून एखादं पत्र लिहू इच्छिणाऱ्यांसाठीही. स्थानिक कायदा प्रत्येक देशात वेगळा असतो, तो तिथल्या वकिलाकडूनच समजून घ्यावा लागतो. वकील शोधेपर्यंत आणि शोधल्यानंतरही जे सगळीकडे उपयोगी पडतं, ते इथे सांगते.

अटकेच्या आधी : एका पानाचा कागद

जी उघडपणे लिहिते, तिने एक पान भरून दोन विश्वासू माणसांकडे ठेवावं. हाताने लिहिलेलं, मोबाइलमध्ये नाही, कारण मोबाइल पहिल्यांदा जातो. त्यात असावं : पूर्ण नाव ओळखपत्रावर आहे तसं, जन्मतारीख, रोजची औषधं आणि त्यांचं प्रमाण, चष्म्याचा नंबर, वकिलाचं नाव, मुलांना शाळेतून कोण आणेल, म्हातारे आईवडील असतील तर त्यांच्याकडे कोण जाईल. मग तीन प्रश्नांची उत्तरं तिच्याच शब्दांत. मला पकडलं तर बातमी जाहीर करायची का? माझ्या वतीने कोण बोलेल? माझा कुठला फोटो वापरायचा?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. अशा अटकेनंतर बाईच्या चारित्र्यावर चिखलफेक ठरलेली असते. दंगा माजला की कोणीतरी तिच्या प्रोफाइलवरून घाईत फोटो उचलतं, आणि नेमका तोच फोटो विरोधक तिच्याविरुद्ध वापरतात. किंवा तिच्या फोटोत शेजारी उभी असलेली मैत्रीण विनाकारण ओळखली जाते. तिने आधीच एक फोटो निवडून ठेवला असेल तर हे टळतं.

वकिलाला नेमण्यासाठी तिची सही लागते. काही देशांत अटकेनंतर ती सही मिळवायलाच कित्येक दिवस जातात. वकिलाशी बोलून, चालत असेल तर आधीच सही करून ठेवा.

मोबाइलचं म्हणाल तर चार गोष्टी. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारं कुलूप बंद करून लांब पासकोड ठेवा. बोट धरून फोन उघडता येतो, डोक्यातला आकडा तसा काढता येत नाही. सिग्नलसारख्या अॅपमध्ये संदेश ठरावीक काळाने आपोआप पुसले जातील अशी सोय लावा, कारण तिच्या फोनमध्ये फक्त ती नसते, तिच्याशी विश्वासाने बोललेल्या सगळ्या बायका असतात. प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा, आणि ती फक्त एसएमएसवर अवलंबून ठेवू नका. सिमकार्ड ज्याच्या हातात, कोड त्याच्या हातात. आणि स्वतःच्या जाहीर पोस्टची प्रत दर महिन्याला उतरवून दुसऱ्या देशातल्या एखाद्या भरवशाच्या व्यक्तीकडे ठेवा. बहुतेक समाजमाध्यमांच्या सेटिंग्जमध्ये आपली सगळी माहिती डाउनलोड करायची सोय असते.

पहिले काही तास

बातमी येते ती बहुधा अर्धवट. "चार लोक आले, गाडीत घालून नेलं." पहिलं काम म्हणजे एक वही उघडा आणि वेळ लिहा. कोणी पाहिलं, किती वाजता, गणवेश होता का, वॉरंट दाखवलं का, कारण सांगितलं का, घरातून काय काय नेलं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्याकडून त्याच रात्री विचारून घ्या. दोन दिवसांनी त्याच्या आठवणीत ऐकलेलं मिसळतं. "बहुतेक", "म्हणे" असं ज्याच्या पुढे आहे ते वेगळ्या पानावर.

दुसरं काम, ती कुठे आहे हे शोधणं. वकील आणि जवळचा नातेवाईक मिळून जवळच्या ठाण्यापासून सुरुवात करतात. "इथे नाही" असं उत्तर मिळालं तर तेही वहीत : कुठल्या ठाण्यात, किती वाजता, कोणी सांगितलं. सरकारी यंत्रणा तिला नेलं हे नाकारते किंवा ती कुठे आहे ते लपवते, तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला सक्तीने बेपत्ता करणं म्हणतात आणि तो साध्या अटकेपेक्षा गंभीर गुन्हा आहे. ती नोंद पुढे फार कामाला येते. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे "या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करा" अशी मागणी, जिथे करता येते तिथे वकिलाला पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारा.

तिसरं, तिच्या फोनवर काहीही पाठवू नका. "कशी आहेस?" हासुद्धा संदेश नको. फोन आता तिच्या हातात नाही असंच धरून चाला. ज्या गटांमध्ये ती होती त्या गटांतून तिचा नंबर काढा. अॅक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चोवीस तास चालते. खातं गोठवणं, दुसरीकडून कोणी लॉग-इन केलंय का ते पाहणं, कंपनीपर्यंत पोहोचणं यात ते मदत करतात. मानवाधिकार रक्षकांना मदत करणाऱ्या, डब्लिनच्या फ्रंट लाइन डिफेंडर्स या संस्थेचा तातडीचा फोनही चोवीस तास सुरू असतो, आणि वकिलाची फी किंवा सुरक्षित जागी हलवण्याचा खर्च अशा गोष्टींसाठी ते छोटं अनुदानही देतात.

आणि एक कळकळीची विनंती. घाबरून तिच्या पोस्ट पुसू नका. पासवर्ड तुमच्याकडे असला तरी नाही. एक तर "पुरावा नष्ट केला" म्हणून तुम्हीच अडकाल. दुसरं म्हणजे सरकारी बाजूकडे त्या पोस्टची प्रत असतेच. पुसल्याने फक्त आपल्याकडची जाते. पुसायचं की खातं तात्पुरतं बंद करायचं, हे वकिलाने सांगू द्या, आणि तेही सगळं जपून ठेवल्यानंतर.

तिचे शब्द जपणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी स्वतः इथे एकदा चूक केली आहे. एका कार्यकर्तीच्या पोस्टचे आम्ही भराभर स्क्रीनशॉट काढले आणि सुबक दिसावेत म्हणून कडा छाटल्या. छाटलेल्या कडेतच तारीख होती. आरोपपत्रात ती पोस्ट एका मोर्च्यानंतरची "चिथावणी" म्हणून दाखवली गेली. प्रत्यक्षात ती मोर्च्याच्या कितीतरी आधीची होती. तोपर्यंत खातं बंद झालं होतं. तारीख दाखवणारी मूळ प्रत एका अनोळखी वाचकाकडून मिळेपर्यंत आम्हाला कितीतरी दिवस हात चोळत बसावं लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. प्रत्येक पोस्टची पूर्ण पडद्याची प्रतिमा, वर पत्त्याची ओळ आणि तारीख-वेळ दिसेल अशी. पोस्टवरच्या तारखेवर क्लिक केलं की तिचा स्वतंत्र पत्ता उघडतो, तो वेगळा लिहून ठेवायचा. त्याआधीची आणि नंतरची पोस्टही घ्यायची, कारण एकापाठोपाठ जोडलेल्या पोस्टच्या धाग्यातलं एकच वाक्य उचलून काहीही सिद्ध करता येतं. कोणाला उत्तर म्हणून लिहिलं असेल तर मूळ प्रश्नही हवा. व्हिडिओ असेल तर तो उतरवून घ्यायचा आणि त्यातलं बोलणं शब्दशः लिहून काढायचं. पान सगळ्यांना दिसणारं असेल तर वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, त्याची प्रत जतन करायची. समाजमाध्यमांची पानं तिथे बऱ्याचदा नीट जतन होत नाहीत, म्हणून त्या एकाच सोयीवर विसंबू नका. शक्य असेल तर पान वर-खाली करतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंगही करा.

सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांचे हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-अंकांचा एक लांब ठसा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा बदलतो, त्यामुळे "तुम्ही नंतर फेरफार केलात" या आरोपाला उत्तर राहतं. अशा डिजिटल पुराव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये मिळून एक नियमावली काढली, तिला बर्कली प्रोटोकॉल म्हणतात. ती सगळी वाचायची गरज नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर करायचं, आणि कोणी काय केव्हा जतन केलं ते लिहायचं, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मग भाषांतर. परदेशी पत्रकार, संस्था, दूतावास यांना तिची भाषा येत नसते. भाषांतर तिची बोली जाणणाऱ्या व्यक्तीने करावं आणि दुसऱ्या कोणीतरी ते तपासावं. टोमणा, म्हण, शिवी, प्रार्थना यांचं शब्दशः भाषांतर धोक्याचं असतं. खाली दोन ओळींत खुलासा द्या, पण तिचं वाक्य गोड करू नका.

कारण तिचं बोलणं सभ्य असायलाच हवं, अशी अट कुठेच नाही. युगांडाच्या स्टेला न्यान्झी यांनी शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड मिळावेत म्हणून मोहीम चालवली आणि राष्ट्राध्यक्षांवर अतिशय कडक, अंगावर येणाऱ्या शब्दांत लिहिलं. फेसबुकवरच्या एका कवितेसाठी त्यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये अटक झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अपिलात त्या सुटल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ च्या सामान्य टिप्पणी क्रमांक ३४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मन दुखावणारी अभिव्यक्तीही अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या हक्कात येऊ शकते, आणि सार्वजनिक व्यक्तीचा अपमान झाला एवढ्यावरून शिक्षा समर्थनीय ठरत नाही. शांततापूर्ण म्हणजे हिंसेला चिथावणी नसलेलं. तिची भाषा तुम्हाला रुचते का, हा प्रश्नच नाही. तिच्यासाठी काम करायचं तर ती कुरकुर बाजूला ठेवावी लागते.

आरोप आणि पोस्ट शेजारी शेजारी

कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आरोपाचा मजकूर, उजवीकडे तिची पोस्ट. हा एक कागद दहा पानी निवेदनापेक्षा जास्त बोलतो.

इजिप्तच्या अमल फतही यांचं बघा. ९ मे २०१८ रोजी त्यांनी फेसबुकवर एक व्हिडिओ टाकला. लैंगिक छळाचा स्वतःचा अनुभव सांगितला आणि सरकार बायकांना संरक्षण देत नाही म्हणून संताप व्यक्त केला. दोनच दिवसांनी पहाटे पोलीस घरी आले. पतीला आणि ३ वर्षांच्या मुलालाही सोबत नेलं, मग त्या दोघांना सोडलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना २ वर्षांची शिक्षा झाली. डाव्या रकान्यात "खोटी बातमी पसरवणे". उजव्या रकान्यात, माझा छळ झाला असं सांगणारी एक बाई.

त्याच कागदावर खाली घटनाक्रम : अटक केव्हा, कारण केव्हा सांगितलं, वकील केव्हा भेटला, न्यायाधीशासमोर केव्हा नेलं. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९ नुसार अटकेच्या वेळीच कारण सांगावं लागतं आणि विनाविलंब न्यायाधीशासमोर न्यावं लागतं. त्याच मानवाधिकार समितीने २०१४ च्या सामान्य टिप्पणी क्रमांक ३५ मध्ये त्यासाठी साधारण ४८ तास पुरेसे मानले आहेत. तुमच्या वहीत १९ दिवस लिहिलेले असतील तर उल्लंघन तिथेच दिसतं, त्यावर भाष्य करायची गरज उरत नाही.

त्या देशाने तो करार मान्य केला आहे का, हे मात्र आधी पाहा. इजिप्त, इराण, युगांडा यांनी केला आहे. सौदी अरेबियाने केलेला नाही, चीनने सही केली पण मंजुरी दिलेली नाही. अशा देशांसाठी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमं ९ आणि १९ सांगा, आणि स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार. तो सौदी अरेबिया आणि चीन दोघांनीही मान्य केला आहे.

बोलायचं की गप्प राहायचं

याचं तयार उत्तर कोणाकडेच नाही, आणि आहे असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. "गप्प बसा, आठवड्यात सोडतो," असं घरच्यांना सांगितलं जातं. कधी खरंच सोडतात. कधी ते आठवडे महिने होतात आणि तेवढ्या अवधीत आत काय चाललंय हे कोणालाच कळत नाही.

सौदी कार्यकर्ती लुजैन अल-हथलूलला मे २०१८ मध्ये अटक झाली. सौदीतल्या बायकांना गाडी चालवायची परवानगी त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २४ जून २०१८ ला मिळाली, आणि त्या हक्कासाठी लढलेली ती तुरुंगात होती. आत छळ झाल्याचं तिने भेटीत आईवडिलांना सांगितलं, त्यानंतर तिची परदेशातली भावंडं उघड बोलू लागली आणि शेवटपर्यंत बोलत राहिली. चीनमध्ये मार्च २०१५ मध्ये पाच स्त्रीवादी तरुणींना ताब्यात घेतलं गेलं. बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचा त्यांचा बेत होता. जगभर आवाज उठला आणि ३७ दिवसांनी त्या जामिनावर बाहेर आल्या, तरी पुढे संशयित म्हणून त्यांच्यावर नजर राहिलीच.

निर्णय घेताना हा क्रम ठेवा. आधी तिने कागदावर काय लिहिलं होतं ते. मग घरच्यांचं म्हणणं, विशेषतः त्याच देशात राहणाऱ्यांचं, कारण झळ त्यांना बसते. मग वकिलाचं. चळवळीला काय हवंय ते सगळ्यात शेवटी. घरच्यांमध्येच मतभेद असतील, आणि बाईच्या बाबतीत ते असतातच ("तिने लिहायलाच नको होतं" म्हणणारा काका प्रत्येक घरात भेटतो), तर तिने स्वतः निवडलेल्या माणसाचा शब्द धरा.

जाहीर करायचं ठरलं तर एकच व्यक्ती बोलेल. तीन जणांनी तीन तारखा सांगितल्या की सरकारी प्रवक्त्याचं काम सोपं होतं. खात्री नसलेलं एकही वाक्य नको. "छळ झाला" असं म्हणायचं तर कोणी, केव्हा, कोणाला सांगितलं ते हाताशी हवं. तिच्याबद्दल घाणेरड्या अफवा सुटल्या तर त्या पुन्हा सांगून खोडत बसू नका, त्यामुळे त्याच फिरतात. तिने लिहिलेली मूळ पोस्ट पुन्हा पुन्हा लोकांसमोर ठेवा.

कुठली दारं ठोठवायची

संयुक्त राष्ट्रांचा मनमानी स्थानबद्धतेवरील कार्यगट १९९१ पासून काम करतो. सामान्य माणसांना त्याची फारशी माहिती नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिथे स्वतः कैदी, घरचे, वकील किंवा संस्था कोणीही अर्ज करू शकतं. देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या पायऱ्या चढून झाल्यावरच यायचं, अशी अट इथे नाही. ज्या देशाने करार मान्य केले नाहीत त्याच्याविरुद्धही अर्ज चालतो. स्थानबद्धता मनमानी ठरवण्याचे त्यांचे पाच वर्ग आहेत. आपल्या कामाचे बहुधा तीन. दुसरा, म्हणजे हक्क बजावल्याबद्दल झालेली अटक. तिसरा, न्याय्य सुनावणी न मिळणं. पाचवा, भेदभावातून झालेली अटक. बाई म्हणून आणि बायकांच्या हक्कांबद्दल बोलली म्हणून पकडलं, हे पाचव्यात मांडता येतं, आणि बरेच अर्जदार ते मांडायला विसरतात. अर्जासाठी ठरलेली प्रश्नावली आहे. तुमची वही आणि दोन रकान्यांचा कागद नीट असेल तर ती भरायला फार त्रास होत नाही. सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, मग ते उत्तर तुमच्याकडे टिपणीसाठी येतं, आणि शेवटी कार्यगट आपलं मत प्रसिद्ध करतो. त्या मताने तुरुंगाचं दार आपोआप उघडत नाही. पण न्यायालयात, संसदेत, दूतावासात मांडायला एक भक्कम दस्तऐवज मिळतो. जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर तातडीच्या आवाहनाची वेगळी वाट आहे.

मानवाधिकार रक्षकांसाठी, अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी, स्त्रियांवरील हिंसाचारासाठी वेगवेगळे विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, आहेत. ते सरकारला पत्र लिहितात. नुसत्या पत्राने काय होतं, असं वाटेल. मनाहेल अल-ओतैबी या सौदी तरुणीला नोव्हेंबर २०२२ मध्ये अटक झाली. बायकांच्या हक्कांबद्दलच्या पोस्ट आणि अबाया (अंगभर सैल झगा) न घालता काढलेले फोटो हे तिचे गुन्हे. बंद दाराआड ९ जानेवारी २०२४ ला तिला ११ वर्षांची शिक्षा झाली. ही शिक्षा जगाला कळली ती प्रतिवेदकांच्या पत्राला सरकारने दिलेल्या लेखी उत्तरातून.

अर्ज करण्यापूर्वी घरच्यांची लेखी संमती घ्या आणि तिचं नाव जाहीर होईल का, सरकारला कळवलं जाईल का, हे त्यांना समजावून सांगा.

पत्र

अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संस्थेचं पहिलं तातडीचं आवाहन मार्च १९७३ मध्ये ब्राझीलमधल्या एका अटकेत असलेल्या प्राध्यापकासाठी निघालं. तेव्हापासून पत्रांची रीत फारशी बदललेली नाही. पत्र लहान असावं, सभ्य असावं आणि एकच मागणी करणारं असावं. "आपल्या देशात बायकांना गुलाम समजतात" असं लिहिलेलं पत्र सरळ केराच्या टोपलीत जातं. मी साधारण असं लिहिते :

"महोदय, अमुक यांना अमुक तारखेपासून स्थानबद्ध केलं आहे. त्यांच्यावरील आरोप ज्या पोस्टवर आधारलेला आहे ती मी वाचली आहे. तीत स्त्रियांना सुरक्षितपणे प्रवास करता यावा, अशी मागणी आहे. हिंसेचं आवाहन नाही. त्यांना तत्काळ आणि विनाशर्त सोडण्यात यावं, आणि तोपर्यंत वकील, कुटुंब व डॉक्टर यांना नियमित भेटू द्यावं, ही विनंती. उत्तराची वाट पाहते."

खाली नाव, व्यवसाय, देश. शिक्षिका, परिचारिका, अभियंता असं लिहिलं की पत्रामागे खरा माणूस दिसतो. एक प्रत तुमच्या देशातल्या त्यांच्या दूतावासाला पाठवा. त्याच देशात राहत असाल तर पत्र लिहिण्यापूर्वी वकिलाला विचारा.

पैसे गोळा करायचे असतील तर फार जपून. परदेशी पैसा आला, एवढ्यावरून नवा आरोप उभा राहू शकतो. वकिलाच्या सल्ल्याशिवाय एक पैसाही तिच्या किंवा घरच्यांच्या खात्यात पाठवू नका, आणि जो खर्च होईल त्याची पावती ठेवा.

आत असताना

भेट मिळाली तर तिथे मोहिमेचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका. झोप लागते का, पाळी नियमित आहे का, औषध वेळेवर मिळतं का, कोठडीत किती जणी आहेत, बाहेरचा उजेड दिसतो का, हे विचारा. उत्तरं भेटीनंतर लगेच वहीत. स्त्री कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियम आहेत. सॅनिटरी टॉवेल मोफत मिळणं, नियमित पाणी मिळणं हे त्यात लिहिलेलं आहे. २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार सलग १५ दिवसांपेक्षा जास्त काळ एकांतवासात ठेवणं निषिद्ध आहे. तुरुंग अधिकाऱ्याला दिलेल्या अर्जात नियमाचं नाव लिहिलं की अर्जाचा सूर बदलतो. अर्जाची पोच घ्या. पोच नाकारली तर तेही लिहा.

पत्र पाठवता येत असेल तर रोजच्या गोष्टी लिहा. कुंडीतल्या रोपाला नवी पानं आली, धाकट्याचा दात पडला, असं. मोहिमेबद्दल अवाक्षर नको, पत्रं वाचली जातात.

खटला सुरू होईपर्यंत वर्षं जाऊ शकतात. चीनमध्ये मी-टू चळवळीला आवाज देणाऱ्या पत्रकार हुआंग शुएचिन यांना सप्टेंबर २०२१ मध्ये ताब्यात घेतलं आणि निकाल लागला जून २०२४ मध्ये, ५ वर्षांची शिक्षा. एवढ्या काळात मोहीम विरघळते. म्हणून पहिल्याच महिन्यात कामं वाटून घ्या : सुनावणीला कोण जाईल, मुलांकडे कोण बघेल, दर महिन्याला पत्र कोण लिहील. सुनावणीला दूतावासाचा प्रतिनिधी किंवा परदेशी वकील निरीक्षक म्हणून बसला तर चांगलं. आत सोडलं नाही तरी तो दाराशी उभा होता, ही नोंद होते.

अपील करताना त्या देशात अपिलात शिक्षा वाढू शकते का, हे वकिलाला स्पष्ट विचारा. सलमाच्या बाबतीत ६ ची ३४ वर्षं झाली, मग जानेवारी २०२३ मध्ये २७, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ४ वर्षं तुरुंग अधिक ४ वर्षं स्थगित. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बाहेर आली.

सुटकेच्या अटी आणि नंतर

सुटकेच्या आधी कधी कधी एक कागद किंवा एक कॅमेरा पुढे येतो. लुजैनला ऑगस्ट २०१९ मध्ये सांगण्यात आलं की छळ झाला नाही असं व्हिडिओवर म्हण, तुला सोडतो. हे तिच्या घरच्यांनी जाहीर केलं. तिने नकार दिला, आणि ती १,००१ दिवसांनी, १० फेब्रुवारी २०२१ ला बाहेर आली. तिने नकार दिला म्हणून सगळ्यांनी द्यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. एखादीने सही केली, माफी मागितली, व्हिडिओ दिला, तर बाहेरच्यांनी तिला एका शब्दानेही दोष देऊ नये. त्या खोलीत ती एकटी होती.

सुटकेनंतर प्रवासबंदी, ठाण्यात हजेरी, लिहायला बंदी अशा अटी असतात. लुजैनवर प्रवासबंदी लागलीच. त्या अटी वकिलाकडून लेखी घ्या आणि सगळ्या मित्रमंडळींना सांगा, म्हणजे आनंदाच्या भरात कोणी तिचा फोटो टाकून तिची अट मोडणार नाही. पहिले काही आठवडे मुलाखत मागू नका. कार्यगटातली फाइल बंद करायला सांगू नका. सुटका झाल्यावरही ते मत देऊ शकतात.

आणि ती वही. अटकेच्या रात्री उघडलेली, सगळ्या पोस्टच्या प्रतींसकट, पत्रांच्या पोचांसकट ती तिला नेऊन द्या. ती आता तिची आहे. त्यातलं काय जाहीर करायचं, काय जाळायचं, खातं पुन्हा उघडायचं का, हे तिला वाटेल तेव्हा ती ठरवेल. मी अशी एक वही दिली तेव्हा त्या बाईने तासभर काहीच न बोलता पानं उलटली, मग एका पोस्टच्या प्रतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे माझं एक शुद्धलेखन चुकलंय, तसंच ठेवलंस ना?" तसंच ठेवलं होतं.